दुसरी खेप

आमच्या घराच्या पडवीत एक जुने शिवणयंत्र आहे. त्याचा बिडाचा सांगाडा गंजला आहे, चाकावरचा चामडी पट्टा केव्हाच तुटला आहे आणि गेली कित्येक वर्षे त्यावर एक टाकाही घातला गेलेला नाही. घरातील तरुण मंडळी दर नाताळच्या साफसफाईला ते भंगारात द्यावे असे सुचवतात आणि दर वेळी आम्ही काही ना काही निमित्त काढून ते राहू देतो. खरे कारण आजवर आम्ही कोणाला सांगितलेले नाही. ते यंत्र पाहिले की आम्हांला एक घोडा आठवतो.

ज्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वसई पाहिली आहे त्यांना टांग्यांची ओळख करून द्यायला नको. स्टेशनाबाहेर टांगे ओळीने उभे असत. गवताचा, लिदेचा आणि ओल्या चामड्याचा मिळून एक वास तेथे भरून राहिलेला असे. मुंबईहून येणारी गाडी थांबली की टांगेवाल्यांची हाळी सुरू होई. अडलेली बाळंतीण मध्यरात्री दवाखान्यात पोचायची ती टांग्यातून, आणि मरणासन्न माणसाला रुग्णाभ्यंग द्यायला फादर निघायचे तेही टांग्यातून. त्या मुक्या जनावराच्या पाठीवर आमचे अर्धे आयुष्य उभे होते. परंतु त्याचा विचार करण्याची आम्हांला कधी गरज वाटली नाही.

१९६८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. थोरल्या बहिणीने शिवणकामाचा वर्ग पूर्ण केला होता आणि तिच्यासाठी दोन वर्षे पैसे साठवून वडिलांनी मुंबईत हे यंत्र विकत घेतले होते. संध्याकाळच्या गाडीने आम्ही चौघे यंत्रासह स्टेशनावर उतरलो. पाऊस नुकताच पडून गेला होता. आमचे नेहमीचे टांगेवाले चाचा पुढे आले. त्यांच्या टांग्यात शेजारच्या गावचे दोघेजण रिकाम्या टोपल्या घेऊन आधीच बसले होते. चाचांनी त्या दोघांकडे पाहिले, आम्हां चौघांकडे पाहिले आणि मग यंत्राकडे पाहिले.

"मास्तर, दोन खेपा करू या," ते म्हणाले. "आधी माणसं नेतो, मग येऊन यंत्र नेतो. जनावर सकाळपासून जुंपलेलं आहे. रस्ताही ओला आहे."

"एवढ्याशा वाटेला दोन खेपा कशाला, चाचा?" वडील म्हणाले. "रोज तर याहून जास्त माणसं नेता."

चाचा पुढे काही बोलले नाहीत. मास्तरांना 'नाही' म्हणण्याची त्यांची रीत नव्हती. वडीलही कठोर मनाचे नव्हते. यंत्र घेतल्यावर त्यांच्या खिशात किती पैसे उरले होते हे आईला ठाऊक होते, आणि ती मान खाली घालून उभी होती.

गावाच्या अलीकडे एका मोरीजवळ रस्ता वळतो व थोडा उतरतो. तेथे मागचे ओझे लोटू लागले, ओल्या डांबरावर नाल सरकले आणि घोडा पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आपटला. टांगा पुढे कलंडला. आम्हां कोणाला फारसे लागले नाही. चाचांनी चाबकाला हात लावला नाही. त्यांनी साज सोडला, डोक्याचा रुमाल फाडून घोड्याच्या रक्ताळलेल्या गुडघ्यांना बांधला आणि त्याचे तोंड पोटाशी धरून ते रस्त्यातच बसून राहिले. वडील यंत्राला कोठे मार बसला की काय ते चाचपून पाहत होते. आम्हीही, आज लिहिताना लाज वाटते, आधी यंत्राकडेच धावलो होतो. यंत्राला ओरखडासुद्धा आला नव्हता.

पुढे कित्येक दिवस चाचांचा टांगा स्टेशनावर दिसला नाही. त्या दिवसांत त्यांच्या घरी चूल कशी पेटली, हे विचारायला आमच्या घरातून कोणी गेले नाही. इकडे त्या यंत्रावर बहिणीने गावातील मुलींचे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे पांढरे झगे शिवले, आणि त्या पैशांतून आमचे शिक्षण झाले. वडिलांनी त्यानंतर टांग्याच्या भाड्यात कधी घासाघीस केली नाही. त्यांचे प्रायश्चित्त एवढेच. तेही त्यांनी कोणाजवळ बोलून दाखविले नाही.

नोकरीनिमित्त आम्ही मुंबईत आलो तेव्हा घोडा पुन्हा भेटला, तो व्हिक्टोरियाला जुंपलेला. गेटवेपाशी आणि मरीन ड्राइव्हवर चंदेरी पत्र्याने मढविलेल्या त्या गाड्या संध्याकाळी उभ्या असत. १९७२ साली एका व्हिक्टोरियाच्या क्रमांकावरून हिंदी चित्रपटाचे नाव ठेवले गेले होते, इतकी ती गाडी मुंबईची ओळख बनली होती. मुंबईचे घोड्याशी असलेले नाते मात्र त्याहून पुष्कळ जुने व पुष्कळ कष्टाचे आहे. या शहरात पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली ती घोड्यांनी ओढलेली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा मार्गांवर सुरू झालेल्या त्या सेवेसाठी कंपनीने सुमारे ९०० घोडे बाळगले होते. त्याच १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली, आणि पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. म्हणजे घोडा रुळांवर जुंपला गेला त्याच वर्षी त्याच्या वतीने बोलणारी माणसेही या शहरात एकत्र आली. घोड्यांच्या ट्रामी १९०५ साली बंद झाल्या आणि १९०७ साली विजेच्या ट्रामी आल्या. घोड्याचे ओझे विजेने उचलले. व्हिक्टोरिया मात्र राहिली. प्रथम ती वाहन होती. मोटारी वाढल्या तशी ती केवळ मौज होऊन राहिली.

वादाची खरी गाठ येथेच आहे. वसईचा टांगा जुंपला जाई तेव्हा दुसरा इलाज नसे. मरीन ड्राइव्हवर समोरून बस जाई, टॅक्सी जाई, आणि तरीही घोडा जुंपला जाई तो आम्हांला गंमत वाटावी म्हणून. प्राणिमित्र संस्था २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ८ जून २०१५ रोजी न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या, त्या एक वर्षात बंद करण्यास सांगितले आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचे कामही शासनावर सोपविले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही आपल्या परीने समजून घेतले आहे. घोडा हा भित्रा प्राणी. धोका दिसला की पळणे हा त्याचा स्वभाव. त्याला झापडे बांधून भोंग्यांच्या गजरात उभे करायचे, म्हणजे त्याचा स्वभावच बांधून ठेवायचा. त्याचे खूर मातीसाठी घडलेले. डांबरावर प्रत्येक पावलाचा हादरा सांध्यांत जातो. मोटारींचा धूर ज्या उंचीवर निघतो त्याच्या जवळच त्याच्या नाकपुड्या. दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी लागणारे हे जनावर. शहरात जिथे माणसांना पाण्यासाठी रांगा लावाव्या लागतात, तिथे त्याला कोण पुरे पाणी पाजणार?

गाडीवाल्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ते म्हणत, घोडा आमचा अन्नदाता आहे. आम्ही उपाशी राहू, पण त्याचा तोबरा चुकवत नाही. हाच धंदा बापाने केला, आजोबाने केला; दुसरे काही येत नाही. आणि गाडी बंद झाली तर रिकाम्या घोड्याला पोसणार कोण? ज्याला काम नाही असा घोडा गरीब माणसाच्या दारी फार दिवस टिकत नाही. तो विकला जातो, आणि घेणारा त्याचे काय करील हे विकणाऱ्याच्या हाती नसते. त्या वेळी या धंद्यावर सुमारे ७०० कुटुंबे अवलंबून असल्याचे सांगितले जात होते.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडातील माँट्रियल शहराने २०१९ सालच्या अखेरीस आणि अमेरिकेतील शिकागोने २०२१ सालापासून घोडागाड्या बंद केल्या. न्यूयॉर्कमध्ये त्या परवान्याने चालत आल्या, आणि तेथील नियम वाचून आम्ही थक्क झालो. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही, पारा सुमारे ३२ अंश सेल्सिअसवर गेला की गाडी जुंपायची नाही, आणि वर्षातून पाच आठवडे घोड्याला कुरणात सुट्टी. या मापाने मुंबईच्या मे महिन्यात दुपारी घोडा तबेल्याबाहेर काढता आला नसता. इतके नियम असूनही ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील भर रस्त्यात एक घोडा कोसळला आणि जुना वाद पुन्हा पेटला.

२०१५ सालचा निकाल वर्तमानपत्रात वाचून आम्हांला बरे वाटले होते. 'सुटला बिचारा,' असे म्हणून आम्ही वर्तमानपत्राची घडी घातली आणि चहा घेतला. आमचा आनंद किती स्वस्त होता हे पुढे तीन वर्षांनी कळले.

२०१८ सालच्या मे महिन्यात आमच्या भाचीचे लग्न ठरले. घरापासून चर्चपर्यंत बग्गीतून, बँडच्या सुरात जायचे अशी तिची हौस होती. मिस्सा दुपारी चारची, म्हणजे बग्गी तीन वाजता उन्हात निघणार. आम्ही विरोध केला. घोड्याचे खूर, डांबर, ऊन, सगळे तिला समजावून सांगितले. मुलगी गुणी, तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "मामा, तुमचं पटतंय मला. पण विसार देऊन झालाय. त्या माणसाने ती तारीख आपल्यासाठी ठेवली आहे. त्याच्या त्या दिवसाचे पैसे कोण देणार?"

पन्नास वर्षांनी आम्हांला चाचांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या खेपेचे पैसे कोण देणार, हाच तो प्रश्न होता. चाचांनी तो तोंडाने विचारला नव्हता, एवढेच.

आम्ही त्या बग्गीवाल्याला भेटायला गेलो. वयाने पन्नाशीचा माणूस. पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया हाकत असे. ती बंद झाल्यावर दोन घोडे घेऊन इकडे नातेवाइकांकडे आला आणि लग्नसराईवर गुजराण करू लागला. आमच्यादेखत त्याने घोड्यांना खरारा केला. हात इतका मायेचा होता की आमचे पाठ करून नेलेले बोलणे घशातच राहिले. आम्ही ठरलेली सगळी रक्कम त्याच्या हातावर ठेवली आणि बग्गी नको असल्याचे सांगितले. त्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि म्हणाला, "मेहेरबानी, साहेब. आजचं झालं. पण ही जनावरं रोज खातात."

या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. हा वाद नेहमी घोडा आणि गाडीवाला यांच्यात लावला जातो. एकाच्या बाजूने दयाळू माणसे बोलतात, दुसऱ्याच्या बाजूने पोटाची काळजी वाहणारी माणसे. टांग्यात तिसराही एकजण असतो. तो मागच्या बैठकीवर आरामात बसलेला असतो, भाडे घासाघीस करून तोच ठरवितो, आणि घोडा पडला की उतरून दुसरे वाहन पकडतो. त्याचे नाव कोणत्याही खटल्यात येत नाही. हौस त्याची, कष्ट घोड्याचे. आणि त्याला दया आली की तिची किंमत गाडीवाल्याच्या ताटातून वसूल होते. तो तिसरा म्हणजे आम्ही.

माथेरानला हेच चित्र अधिक उघडे दिसते. तेथे मोटारींना बंदी. म्हणून पर्यटकांना घोडे वाहत आले आणि हातरिक्षा तर माणसे ओढत आली. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि तिच्या जागी विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा मार्ग सुचविला. त्या चढावर हातरिक्षात बसून 'काही कमी करा' म्हणणारे कोण होते? आपल्यासारखेच सभ्य, कुटुंबवत्सल लोक.

आपल्या धर्माने या प्रश्नाची दोन टोके फार पूर्वी एकत्र बांधून ठेवली आहेत. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा येते तेव्हा विसावा एकट्या घरधन्याला दिलेला नाही. दास, दासी, बैल व गाढव या सर्वांना तो एकाच आज्ञेत दिला आहे. जनावर आणि त्याच्यासोबत राबणारा माणूस यांची तेथे फारकत नाही. १९९२ सालच्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथातही प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरविले आहे; आणि त्याच परिच्छेदात, माणसांच्या हालअपेष्टांकडे पाठ फिरवून प्राण्यांवर पैसा उधळणेही अयोग्य म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक १८ जून २०१५ रोजी, म्हणजे मुंबईच्या त्या निकालानंतर अवघ्या दहा दिवसांनी, प्रसिद्ध झाले. धरणीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला हवा, हा त्याचा गाभा. आम्ही ते परिपत्रक वाचले होते, निकालही वाचला होता. दोहोंची सांगड घालायला मात्र एका बग्गीवाल्याचे वाक्य लागले.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या गृहस्थाच्या थोरल्या मुलाला रिक्षा घ्यायची होती, पण कर्जाला जामीन मिळत नव्हता. गावातल्या एका पतपेढीत आम्ही जामीन राहिलो. यात मोठेपणा नाही; सही करताना आमचा हात अडखळला होता. २०२० सालच्या टाळेबंदीत रिक्षा उभी राहिली, पाच हप्ते आम्हांला भरावे लागले, आणि ते भरताना आम्ही घरात पुष्कळ कुरकुर केली. आता ते कर्ज फिटले आहे. मुलगा कधीमधी स्टेशनावर भेटतो आणि भाडे घेत नाही. आम्ही ते बळेच त्याच्या खिशात कोंबतो.

घोड्यांचे काय झाले? म्हातारा घोडा त्याच्याच दारात, त्याच्याच हातचे खाऊन गेला. दुसरा तरुण होता. तो त्याने विकला. हे सांगताना त्याने आमच्याकडे पाहिले नाही, आणि कोणाला विकला हे आम्ही विचारले नाही. म्हणजे आमची दया तेथेही अर्ध्या वाटेवर उतरली.

मार्च २०२१ मध्ये मुंबईत घोड्याविना, विजेवर चालणारी व्हिक्टोरिया रस्त्यावर आणली गेली. कल्पना चांगलीच, घोडा न जुंपताही हौस भागते आणि चालविणाऱ्याला चार पैसे मिळतात. पण अशी गाडी आणायला पैसा लागतो, नव्या माणसाला ती शिकवावी लागते, जुन्या जनावराला मरेपर्यंत पोसावे लागते. हा सगळा दुसऱ्या खेपेचा खर्च आहे. तो शासनाने द्यावा हे खरे. परंतु शासनापाशी तो आपल्याच खिशातून जातो, आणि तेथे तो कमी पडला तर आपल्या धर्मग्रामात, आपल्या पतपेढीत, आपल्या लग्नघरात तो काढावा लागेल. घोड्याला सोडविण्याची हाक आपण जरूर द्यावी. ती देताना खिशात हात घालण्याची तयारी नसेल, तर गाडीवाल्याला निर्दय म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

लग्नसराई जवळ येत आहे. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी बग्गीची बोलणी चालू असतील, तर तेवढे एकदा त्या माणसाच्या दारी जाऊन या. घोडा पाहा, तो हाकणाऱ्याचे घर पाहा, आणि मग काय ते ठरवा. बग्गी नको असे ठरले, तर ते सांगायला रिकाम्या हाताने जाऊ नका.

चाचा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या घरच्यांपैकी आता गावात कोणी नाही. त्यांच्या दुसऱ्या खेपेचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच. म्हणून ते यंत्र पडवीत आहे. घरातील मंडळींनी हा लेख वाचला, तर यंदाच्या नाताळला ते भंगारात द्या असे कोणी म्हणणार नाही, असे वाटते.